टीव्ही मुका झाला ते दिवस

ता. २ फेब्रुवारी, सोमवार

वर श्री लिहायचं राहिलं. राहू दे. आधी तक्रार.

त्या दाढीवाल्यानं आज परत तिला मारलं. साडेसातची मालिका. मारलं ते मारलं, वर तीनदा दाखवलं. एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि एकदा नुसता गाल. तेवढ्यात शांतानं, लक्ष्मीबरोबर माझ्याकडं भाकऱ्या थापायला येते ती, तव्यावरची भाकरी कोळसा केली. कडक भाकरीला मंद आच लागते आणि माणसाचं लक्ष लागतं. लक्ष गेलं गालावर. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, बाई मार खात होती म्हणून करपली?

आणि ती रडकी! मार खाल्ला, तोंड धुतलं, आणि त्याच्याच आयुष्यासाठी उपास धरला. मी म्हटलं, "उपास त्याला घाल की. अंगातली रग तरी कमी होईल." लक्ष्मी हसून हसून पिठात बसली.

त्यांची नावं वेगळी आहेत. माझ्या ध्यानात राहत नाहीत. तो दाढी, ती रडकी. पुरे तेवढं.

सोनी, माझी नात, मोबाईलच्या दुकानातनं नुकतीच आली होती. पर्स खांद्यालाच. म्हणते, "आजी, तुला कळत न्हाय. तो वाईट न्हाय. त्याला लहानपणी आई न्हवती. म्हणून चिडतो. त्याचं तिच्यावर लई प्रेम हाय."

"आई मला पण न्हवती. मी कुणाच्या गालावर मारलं?"

"तू जिभेनं मारतीस."

पोरगी माझ्यावर गेली आहे. बरं वाटलं. श्री.

ता. ३, मंगळवार

पुण्याची मोठी ऑर्डर. कुणाच्या तरी लग्नात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवणार आहेत म्हणे. पुण्याच्या लोकांना आता भाकरी कडक झाल्यावर आवडायला लागली.

दत्ता परत ओरडला, टीव्ही पिठाच्या डब्यावरच्या फळीवर ठेवू नका, खाली थापायला बसता, पीठ उडतंय. दत्ता माझा मुलगा, सूतगिरणीत आहे, तिथं दिवसभर कापूस खातो आणि घरी येऊन मला पीठ शिकवतो. मग ठेवायचा कुठं? हात काटवटीत, डोळे वर. फळीवरच बरोबर दिसतो.

आज मालिकेत नुसतं रडणं. भाकऱ्या सगळ्या चांगल्या झाल्या.

कालच्या थोबाडीत मारण्यावर मात्र दुपारभर न्याय चालला होता. शांता मंद्रूपची. तिचं मत, "चुकी तिची बी हाय आक्का. पावण्यांच्या म्होरं उलट बोलायचं कशाला?" मी विचारलं, ती काय बोलली? तर म्हणे, "चहात साखर जास्त झाली असंल तर माझ्यावर ओरडू नका." हे उलट बोलणं. ह्यावर शांताच्या मते एक थोबाडीत बसते.

शांताच्या भाचीला नवरा मारतो. मागं माहेरी आली होती, तर शांतानंच तिला समजावून परत घातलं. काय सांगून, तर टीव्हीत बघ, शेवटाला सगळे सुधारतात. मी म्हटलं, "शेवट कधी हाय ते विचारलंस का तिच्या नवऱ्याला?" शांता दिवसभर माझ्याशी बोलली नाही. काम मात्र झपाझप केलं.

ता. ५, गुरुवार

अमोल आला होता. सोनीचं ठरलंय तो. माळशिरसकडचा, साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे. सुपारी फुटली मागच्या महिन्यात, साखरपुडा २२ ला, रविवारी. पोरगा दिसायला चांगला. वाकून पाया पडला, नुसता गुडघ्याला हात लावून मोकळा झाला नाही. चटणी परत मागून घेतली. भाकरी मोडताना कुडूम आवाज झाला तर म्हणाला, "आजी, ह्या भाकरीला दात लागत्यात." मी म्हटलं, "तुला हायत तोवर खा." हसला. मला आवडला.

एकच. सोनीचा फोन वाजला तर तिच्या आधी त्यानं उचलला. नाव बघितलं. मग तिला दिला. दुकानातल्या मैत्रिणीचा होता.

गेल्यावर सोनीला म्हटलं, "तुझा फोन त्यानं का बघितला ग?"

"काळजी करतो, आजी."

काळजी वाटली तर माणूस विचारतो, जेवलीस का, पोचलीस का. फोनवर कुणाचं नाव आहे ही कसली काळजी. पण असेल. आमच्या वेळी फोन नव्हते.

ता. ७, शनिवार

सोनी आज पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून फिरत होती. भट्टीपाशी एवढ्या उकाड्यात. मदतीला बसली तर पीठ लागू नये म्हणून बाही वर केली, आणि मनगटावर निळं-हिरवं. बोटं मोजता येतील असं.

मी नुसतं बघितलं. तिनंच सांगितलं, आणि हसत सांगितलं, हे लिहून ठेवते. काल अमोल दुकानावर न्यायला आला होता. ही दुकानातल्या पोराशी काहीतरी बोलून हसत होती. बाहेर आल्यावर त्यानं मनगट धरलं. कुणाशी हसत होतीस म्हणाला. मग म्हणाला, तू फक्त माझी आहेस.

"आजी, सेम मालिकेतल्यासारखं. माझ्या अंगावर काटाच आला."

सुरेखा, माझी सून, कणीक मळत होती. ती म्हणाली, "लग्नाच्या आधी असतंय तसं. जीव लावतोय म्हणून करतोय. आमच्या ह्यांनी तर कधी नाव सुदीक इचारलं न्हाय." म्हणजे दत्तानं हात पिरगाळला नाही ह्याचं हिला वाईट वाटतंय. धन्य.

हळद उगाळून दिली. माझी जीभ गप बसली म्हणून सुरेखानं मला ताप आहे का बघितलं.

ता. ९, सोमवार

अनर्थ. टीव्हीचा आवाज गेला. चित्र स्वच्छ, आवाज नाही. माणसं तोंडं हलवताहेत, बांगड्या हलताहेत, सगळं मुकं.

इक्बालभाईला बोलावलं. त्यानं मागचं झाकण काढलं, नुसतं पीठ. खाली सांडलं. "आक्का, ये क्या, पूरी गिरणी है अंदर. इसकी तो पुरणपोळी बनेगी."

"ज्वारीचं हाय. पुरणपोळी कशी व्हईल? तुझं शिक्षण कुटं झालं?"

स्पीकर बदलायचा. मिळायला पाच-सहा दिवस. दत्ता दारात उभा राहून हसत होता. शांता आणि लक्ष्मीचं तोंड असं झालं की घरात कुणी गेलं असावं. साडेसातला काय करायचं? लक्ष्मी म्हणाली, नुसतं बघू या. तिचं घर तेलुगू. मराठी मालिका ती पहिल्यांदा तशीच बघायला शिकली, तोंडं बघून.

लावला. दाढी बोलतोय. रडकी बोलतेय. दाढीनं हात वर केला, आणि तो हात गालावर आला त्याच वेळेला लक्ष्मीनं भाकरीवर थाप मारली. थाप्प! आवाज टीव्हीतनंच आल्यासारखा. आधी कुणाला कळेना. मग शांता जी हसायला लागली. ते दुसऱ्या बाजूनं दाखवायला लागले तर शांतानं मुद्दाम थापलं. तिसऱ्यांदा मी.

हसून पोटात दुखलं. नंतर मात्र एक लक्षात आलं. ते वाजवतात ना मागं, हृदयात सुरी फिरवल्यासारखं, ते नव्हतं. तर ते दिसत होतं एवढंच की एक मोठा माणूस एका बारीक बाईला मारतोय, आणि घरातली माणसं सोफ्यावर बसून बघताहेत. शांता म्हणाली, "आक्का, ह्यातलं एक बी माणूस उठंना झालंय की." रोज उठत नाहीत. आजच दिसलं तिला.

ता. १०, मंगळवार

आज आम्हीच बोललो. वाटून घेतलं. मी दाढी, लक्ष्मी रडकी, शांता सासू. सासूचं काम शांताला लई जमलं, सराव आहे.

दाढी बंगल्यात शिरला. कपाळाला आठ्या. मी: "गॅस संपला का ग?"

रडकी पदर पिळते. लक्ष्मी: "अय्यो, सिलेंडर कल आयेगा जी!"

सासू डोळे मोठे करते. शांता: "माझ्या लेकाला गॅसवरची भाकर! चुलीवर कर! हातभर पदर घिऊन कर!"

मग दाढी जवळ येऊन रडकीच्या डोळ्यात बघायला लागला. बघतोय, बघतोय. मला काही सुचेना. म्हटलं, "डोळ्यात कुसळ गेलंय तुझ्या. थांब, फुंकर मारतो." लक्ष्मीची भाकरी मोडली हसून.

शेजारच्या दोघी आवाज ऐकून आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. म्हणाल्या, उद्या पण यायचं का? मी म्हटलं, येताना आपापलं पाणी आणा.

भाकऱ्या कमी झाल्या. चालायचं.

ता. ११, बुधवार

आजचं नीट लिहायचं आहे.

सोनी आज वेळेवर आली, आमचा खेळ बघायला. भिंतीला टेकून बसली, पूर्ण बाह्याच. उंबऱ्यात शेजारणी. सुरेखा पण आली, हात पुसत, मला काय त्याचं असं तोंड करून.

रडकी दुकानासारख्या कुठल्या तरी ठिकाणी कुणा पोराशी बोलली. दाढीनं बघितलं. घरी आल्यावर तिचं मनगट धरलं आणि भिंतीला लावलं. वरनं फुलं पडायला लागली. घरात फुलं कुठनं पडतात ते आजपर्यंत मला समजलेलं नाही.

लक्ष्मी रडकीच्या आवाजात, "सोड रे मुडद्या, बांगडी टोचतीय!" सगळ्या खदखदून हसल्या. सोनीसुद्धा.

आता दाढीचं वाक्य. म्हणजे माझं. मला माहीत होतं तो काय म्हणत असणार, रोज तेच म्हणतो. तोंड उघडलं, "माझं तुझ्यावर लई" आणि पुढं येईना. मी त्याचं तोंड बघत होते. दात आवळलेले. नाकपुड्या फुगलेल्या. त्या तोंडात ते वाक्य बसेना. बैलाला चष्मा घातल्यासारखं व्हायला लागलं. तर जे त्या तोंडात बसत होतं ते म्हटलं. "कुणाशी हसत हुतीस?"

शांता हसली. लक्ष्मी हसली. सोनी हसली नाही.

टीव्हीकडं बघत राहिली. मग बाहीवरनंच मनगटावर हात ठेवला आणि उठून आत गेली. सुरेखानं माझ्याकडं बघितलं. मी टीव्हीकडं बघितलं. तिथं अजून फुलं पडत होती.

ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातनं आलं. पण आलं ते बरं झालं.

ता. १२, गुरुवार

सोनी सकाळी दुकानाला जायच्या आधी माझ्यापाशी येऊन बसली. वेणी घालायच्या निमित्तानं. बाविशीची पोरगी, वेणी काय माझ्याकडनं घालून घेते का एरवी.

"आजी, आजोबा मारायचे का ग?"

"मारायचे की."

"मग तू काय करायचीस?"

"भाकरी."

"एवढंच?"

"मग काय? दुसरं काही करतात हे मला कुणी दाखवलंच न्हवतं."

मग, "त्यांचं प्रेम होतं का तुझ्यावर?"

"असंल. गेले तवा मला रडू आलं, म्हंजे माझं तर हुतं. पण मारताना न्हवतं. मारताना नुसता हात हुता."

वेणी घट्ट झाली म्हणून ओरडली. सैल करून दिली. गेली.

आज खेळ केला नाही. टीव्ही लावलाच नाही. शांता म्हणाली भाचीला फोन केला होता. काय बोलली ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी सुद्धा कधी कधी विचारत नाही.

ता. १३, शुक्रवार

सोनी बोलली. अमोलला फोनवर सांगितलं, परत असा हात धरायचा नाही, आणि माझा फोन मीच उचलणार. एवढंच, आवाज न चढवता. मी शेजारीच शेंगा निवडत होते म्हणून ऐकलं. निवडायच्या शेंगा संपल्या होत्या, पण म्हणून काय उठायचं?

तो म्हणाला, बायकांच्यात बसून बिघडलीस. ठेवला.

तासाभरात त्याच्या आईचा फोन, दत्ताला. तुमची पोरगी आत्तापासनं अटी घालती, पुढं काय करंल. पोरगा जेवला नाही. साखरपुड्याचा हॉल सांगितलाय, पावण्यांना फोन झालेत. दत्ता नुसता "हो, हो, चुकलं, चुकलं" करत होता. काय चुकलं ते त्याला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "आई, तुझ्या त्या टीव्हीच्या तमाशानं पोरगी हातची चालली."

"तुझा टीव्ही हाय. मी नुसती खाली बसते."

सुरेखा भांडी घासत होती. एकदम म्हणाली, "तिचं मनगट बघितलंय का तुमी?" दत्तानं बघितलं नव्हतं. सोनीला बोलावलं, बाही वर करायला लावली. आता पिवळं पडलंय. दत्तानं ते उजेडात धरून बघितलं. मग म्हणाला, "पण पावण्यांना काय सांगायचं?" हे असलं पोर मी जन्माला घातलं. मनगट बघूनही पावणे. पण आवाज खाली आला होता, तेवढं लिहिते.

ता. १४, शनिवार

आज म्हणे प्रेमाचा दिवस. दुपारी एक माणूस मोटारसायकलवर मोठं लाल अस्वल घेऊन आला. कापसाचं. पोटावर बदाम. अमोलनं पाठवलंय सोनीला. गळ्यात चिठ्ठी: "राग सोडला मी. तुला माफ केलं."

मी दोनदा वाचली. मला वाटलं माझ्या वाचण्यात काही गडबड आहे, शाळा चौथीपर्यंतच. सोनीला वाचायला लावली. तेच होतं. निळं हिचं मनगट, आणि माफ त्यानं केलं.

शांता म्हणाली, "अस्वल झ्याक हाय पण." खरं आहे. अस्वलाचा काय दोष. डब्यावर बसवलं, संध्याकाळपर्यंत पांढरं झालं.

संध्याकाळी इक्बालभाई स्पीकर लावून गेला. आवाज आला. साडेसातला सगळ्या जमल्या, उंबरासुद्धा भरला. आज मालिकेतही प्रेमाचा दिवस. फुगे. दाढी गुडघ्यावर बसून रडतो, आई नव्हती ते सांगतो, मागनं ते वाजवणं, आणि रडकी त्याच्या डोक्यावर हात ठेवते.

शांतानं डोळे पुसले. लक्ष्मीनं पुसले. खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यात पाणी आलं, मेलं. सगळं माहीत असून. वाजवणाऱ्याला मानलं पाहिजे. आम्ही तिघी अशा, मग बाविशीच्या पोरीचं काय?

म्हणून सोनीकडं बघितलं. तिचे डोळे कोरडे. किंवा पाठ उजेडाकडं होती, मला नीट दिसलं नसेल. ती उठली, रिमोट घेतला, आवाज बंद केला. "आजी, बोल की. तुझं वाक्य आलंय."

दाढी रडतोय. सगळ्या माझ्याकडं बघताहेत. मी म्हटलं, "मला माफ कर म्हणायला आलो हुतो, पण मीच तुला करून टाकतो. लवकर उरकतं."

सोनी एवढी हसली की भिंतीला धरावं लागलं. हसता हसता रडली का ते मला कळलं नाही. मी विचारणार नाही.

जेवणाच्या वेळेला अमोलच्या आईचा निरोप. उद्या सकाळी फोन करते. पोरीनं चूक कबूल केली तर साखरपुडा ठरल्याप्रमाणे, नाहीतर नाही.

ता. १५, रविवार, सकाळ

आंघोळी झाल्या. चहा झाला. रविवारची ऑर्डर पडून आहे. शांता आणि लक्ष्मी सुट्टी असून आल्या, भाकऱ्या करायला म्हणे. अजून पीठ चाळलेलं नाही.

सोनीला रात्री मी विचारलं नाही, सकाळी सुरेखानं विचारलं, काय सांगणार? म्हणाली, "बोलायच्या येळला बघते." अमोल तिला आवडतो. हे पण खरं आहे. सकाळी डब्यावरनं अस्वल उचलून झटकलं तिनं, आणि परत तिथंच ठेवलं. ह्यातनं काय समजायचं?

दत्ताचा फोन मधोमध पाटावर ठेवलाय. दत्ता तीनदा तिथनं गेला. त्यानं उचलला तर "चुकलं" म्हणणार. सुरेखानं उचलला तर तिचा आवाज फुटणार. शांताचा हात तर उगाचच तिकडं चाललाय, हिचा काय संबंध? आणि मी उचलला तर माळशिरसपर्यंत फोन न लावता ऐकू जाईल, मला माहीत आहे, म्हणून मी हातात लेखणी धरली आहे, हात गुंतलेला बरा.

सगळ्यांना बसवून सांगितलं. साखरपुडा होवो, न होवो. हो म्हणायचं तर तिनं, नाही म्हणायचं तर तिनं, उद्या सांगते म्हणायचं तर ते पण तिनंच. तिच्या वतीनं कुणी माफी मागायची नाही, आणि कुणी शिवी पण द्यायची नाही. दत्तानं मान हलवली. लक्ष्मीनं शांताचा हात धरून ठेवलाय.

वाजला.

दत्ता, खाली बस. सोने, तू उचल. दुसऱ्या कुणी बोट लावायचं न्हाय.